पंधरा मिनिटांचे दोन तास

ज्या लॉगबुकात पंधरा मिनिटांचे दोन तास होतात आणि खऱ्या दोन तासांचं शून्य होतं, ते लॉगबुक नाकासमोर नाचवून कुणी कुणाला "तुझे तास कमी पडतात" असं म्हणू नये. माझं म्हणणं एवढंच आहे. हे आमच्या ग्रुपवर एका ओळीत सांगून झालं. त्यावर चार अंगठे आणि एक "चिल मार यार" आलं. म्हणून आता शनिवारची सकाळ सत्कारणी लावून सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे बटण दाबलं की धाडधाड गोळ्या सुटणारा प्रकार नव्हे. इथे लढाऊ विमान नुसतं चालू करायलाच पाच-दहा मिनिटं लागतात. बॅटरी, इंधनाचे पंप, इंजिन, रडार, सगळं क्रमाने. मग टॅक्सी करत धावपट्टीवर जायचं, उडायचं, तासभर कुठेतरी जायचं, चार मिनिटं घाम फोडणारी मारामारी करायची आणि (जिवंत राहिलात तर) परत येऊन उतरायचं. आम्ही अकरा जण हे गेली तीन वर्षं करतोय. बहुतेक सगळे पुण्या-बंगलोरचे आयटीवाले, एक न्यू जर्सीत, आणि एक नरसी नामदेवला. नरसीचा तो माझा मावसभाऊ. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण नाव लिहिलं की अर्धी मंडळी मुद्दा सोडून "अरे त्यापेक्षा तो दुसरा गेम भारी" यावर घसरणार.

आमच्यात नियम असा की लॉगबुकात १०० तास पूर्ण झाले की माणूस फ्लाइट लीड होतो. म्हणजे चार विमानांचा म्होरक्या. कुणी कुठून शिरायचं, कुणी कुणाची पाठ सांभाळायची, कधी पळ काढायचा हे तो ठरवतो. बाकीचे विंगमन, म्हणजे मुकाट्याने मागे उडणारे. आठ महिने मुकाट्याने मागे उडाल्यावर भावाने परवा विचारलं, "दादा, मला कधी देता लीड?" उत्तर आलं, तुझे ६१ तास आहेत, अजून ३९ हवेत.

आता हा मुलगा काय करतो ते सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेळतो. वय वीस, हिंगोलीला कॉलेजात जातो. आणि शाळेतली असते तशी दोनशे पानी वही ठेवतो. तारीख, विमान, इंजिन चालू केल्याची वेळ, उडाल्याची, उतरल्याची आणि इंजिन बंद केल्याची वेळ, शेरा. त्याला कुणी शिकवलं नाही. खरे पायलट ठेवतात असं कुठेतरी वाचलं आणि सुरू केलं. वहीतली बेरीज ११८ तास. गेमच्या लॉगबुकात ६१. फरक ५७ तासांचा.

"वहीत काय, कुणीही काहीही लिहील!" इति आमचे एक ज्येष्ठ. ठीक आहे. मग आपण इंजिनियर लोक आहोत ना? तपासू या.

वहीतल्या २६ नोंदींपुढे लाल पेनाने 'ला.गे.' असं लिहिलंय. ला.गे. म्हणजे लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी माझ्याकडे होता तेव्हाच मेलेली, त्यामुळे लाईट गेली की स्क्रीन काळी. आणि हा गेम तासांची नोंद कधी करतो? मिशन संपवून तुम्ही 'एक्झिट' दाबता तेव्हा. फक्त तेव्हाच. त्याआधी वीज गेली, गेम कोसळला, की तो पावणेदोन तासांचा प्रवास झालाच नाही. उडालात नाही, उतरलात नाही, कॉकपिटमध्ये बसलाच नव्हता. आमची एकत्र सॉर्टी दर शनिवारी रात्री आठला असते आणि नरसीत लाईट जायची आवडती वेळही साधारण तीच. या २६ नोंदींची बेरीज होते ४१ तास.

११८ मधून ४१ गेले, उरले ७७. हे जवळजवळ सगळे एकट्याने केलेल्या सरावाचे. इथे दुसरी गंमत. मी दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून त्याच लॅपटॉपवर बरोबर ३० मिनिटं उडालो. लॉगबुकात चढली २४. तेच मिशन पुण्याच्या माझ्या डेस्कटॉपवर ३० मिनिटं उडालो, चढली ३०.

का? तर गेमच्या आतलं जग छोट्या छोट्या पावलांनी पुढे सरकतं. सेकंदाला समजा ६० पावलं. दर पावलाला विमान कुठे गेलं, वारा काय, गोळी कुठे पोचली याचं गणित. मशीन दमलं, पावलं वेळेत पुरी होईनात, की गेमपुढे दोनच रस्ते: हिशेब चुकवायचा किंवा जगच हळू करायचं. बहुतेक गेम दुसरा घेतात आणि ते बरोबरच आहे, नाहीतर विमान भिंतीतून आरपार जाईल. म्हणून जुन्या लॅपटॉपवर विमान किंचित स्लो मोशनमध्ये उडतं. माणूस खुर्चीत अर्धा तास, जगात चोवीस मिनिटं. लॉगबुक जगाची मिनिटं मोजतं. आता करा गुणाकार: ७७ गुणिले २४ भागिले ३०. येतात ६१.६. गेम म्हणतो ६१.

वही खोटी आहे म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी हा आकडा प्रिंट काढून डेस्कवर चिकटवावा.

बरं, हे झालं तास गायब व्हायचं. तास उगवतात कसे तेही बघा. लांबच्या मिशनमध्ये कंटाळा येऊ नये म्हणून वेळ पळवायची सोय असते. दुप्पट, चौपट, आठपट. विमान ऑटोपायलटवर टाका, समुद्रावरून सरळ रेषेत सोडा, आठपट वेग लावा आणि जेवायला जा. मी हेही करून पाहिलं. स्टॉपवॉचवर १५ मिनिटं, लॉगबुकात दोन तास. कारण पुन्हा तेच, लॉगबुक जगाची मिनिटं मोजतं आणि जग आठपट पळालेलं असतं. आमच्यातल्या एका महाशयांचे २४० तास आहेत. ते फ्लाइट लीड आहेत. त्यांना आडव्या वाऱ्यात विमान उतरवता येत नाही, हे मी म्हणत नाही, आमची रेकॉर्डिंग्ज म्हणतात :)

म्हणजे एकाच नियमाने, एकाच बेरजेत, एकाला पंधरा मिनिटांचे दोन तास आणि दुसऱ्याला दोन तासांचा भोपळा. आणि ज्या दुकानातून गेम विकत घेतला ते दुकान तिसराच आकडा दाखवतं. ते गेमचा प्रोग्रॅम किती वेळ उघडा होता ते मोजतं. मेनू उघडा ठेवून झोपी गेलात तरी तुमची आठ तासांची देशसेवा नोंदली जाते.

आता कुणी म्हणेल, आकडे जुळत नाहीत म्हणजे बग आहे, बग रिपोर्ट टाक आणि गप बस. नाही. आकडे न जुळणं हा इथला गुन्हाच नाही. खऱ्या विमानातसुद्धा ते जुळत नाहीत!

बारामती, गोंदिया, धुळे, जिथे जिथे आपल्याकडे पोरं उडायला शिकतात तिथली साधी सेस्ना घ्या. एकाच उड्डाणाचे तीन-तीन काळ असतात आणि तिन्ही खरे. पायलटच्या लॉगबुकातला काळ म्हणजे उडण्यासाठी विमान पहिल्यांदा जागचं हललं तिथपासून ते शेवटी थांबलं तिथपर्यंत. आंतरराष्ट्रीय व्याख्याच तशी आहे. हवेत असलेला काळ त्याहून कमी. आणि इंजिनाच्या टॅकोमीटरवर चढतो तो आणखी वेगळा, कारण तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद फिरत असेल तर तो घड्याळापेक्षा हळू सरकतो, कारण त्याला पायलटच्या अनुभवाशी देणंघेणं नाही, इंजिन किती झिजलं एवढंच बघायचंय. तीन प्रश्न, तीन मीटर, तीन उत्तरं. भांडण होत नाही, कारण कुठला आकडा कशासाठी हे लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्या २०० च्या पोटात काय आहे ते कुणी सांगत नाही. किमान १०० तास स्वतः कमांडमध्ये. त्यात २० तास क्रॉस-कंट्री आणि त्यातही एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे तास वेगळे. नुसत्या उपकरणांवर बघून उडायचे १० तास वेगळे, आणि त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५ चालतात. म्हणजे सरकारसुद्धा (हो, आपलं सरकार!) एका बेरजेवर विश्वास ठेवत नाही. रकाने पाडतं. आणि नोंदी शाईने करायच्या, लॉगबुक शेवटच्या नोंदीनंतर किमान पाच वर्षं जपायचं, असं १९३७ चे विमान नियम सांगतात. शाईने. वहीत. नरसीचा पोरगा करतो तेच.

वहीत खोटं लिहिता येतं, हे मला मान्यच आहे. अमेरिकन पायलटांच्या बोलीत एक झकास शब्द आहे, 'पी-५१ टाइम'. पी-५१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग हे लढाऊ विमान. पण इथे अर्थ पार्कर ५१ हे फाउंटन पेन! विमानात न बसता, पेनाने उडालेले तास. आपल्याकडे हा विनोद राहिला नाही. २०११ च्या जानेवारीत गोव्याच्या दाबोळीला दिल्लीहून आलेलं एक प्रवासी विमान पुढचं चाक आधी टेकवत उतरलं. त्याच्या चौकशीतून वैमानिकाची परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट असल्याचं निघालं. मग डीजीसीएने हजारो लायसन्सांची कागदपत्रं उपसायला घेतली. त्याच वर्षी राजस्थानच्या सरकारी फ्लाइंग स्कूलमध्ये न केलेल्या उड्डाणांचे तास लिहून दिल्याचं प्रकरण तिथल्या लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने बाहेर काढलं आणि देशभरच्या फ्लाइंग स्कूल्सचं ऑडिट करायची वेळ आली.

यातून आमच्या ज्येष्ठांनी धडा काढला की माणसाच्या हाताने लिहिलेलं नको, मशीनने मोजलेलंच घ्या. आणि इथेच माझं डोकं फिरतं. २०११ ची लबाडी पकडली कशी जाते? विद्यार्थ्याच्या लॉगबुकातली ओळ विमानाच्या नोंदीशी, इंजिनाच्या तासांशी, टॉवरच्या नोंदीशी ताडून बघता येते म्हणून. ओळ असते म्हणून. अमुक तारीख, अमुक विमान, निघालं कधी, आलं कधी. आमच्या गेममध्ये ओळच नाही. फक्त बेरीज आहे. ६१. कशाची बेरीज? विचारायचं नाही. ज्या हिशेबात पावत्या नाहीत, नुसती एकूण रक्कम आहे, तो हिशेब भिशीतल्या काकूसुद्धा मान्य करणार नाहीत. मशीनने केलाय म्हणून आपण मान्य करतो.

आणि मशीनला मोजता येतं ही आपली श्रद्धा तरी तपासलीत का कधी? एक घरगुती प्रयोग सांगतो. या गेममध्ये असंच आहे असा माझा आरोप नाही, पण सोमवारी ऑफिसात करून बघा. ३२ बिटांच्या साध्या फ्लोटमध्ये सेकंद साठवा आणि दर पावलाला त्यात एक साठांश मिळवत राहा. सुरुवातीला सगळं छान. २,६२,१४४ सेकंद, म्हणजे साधारण ७२ तास ४९ मिनिटं ओलांडलीत की तुमचं घड्याळ जवळजवळ दुप्पट, नेमकं सांगायचं तर १.८७५ पट पळायला लागेल. कारण एवढ्या मोठ्या आकड्याच्या पुढची जी पायरी फ्लोटला माहीत आहे ती एक साठांशाच्या जवळपास दुप्पट आहे आणि राउंडिंग तुम्हाला तिथे ढकलतं. आणि १४५ तास ३८ मिनिटांना? घड्याळ थांबेल. कायमचं. पुढची पायरी इतकी उंच होते की एक साठांश मिळवला तरी आकडा तिथेच. एरर नाही, वॉर्निंग नाही, तुम्ही जन्मभर उडा, १४५ तास ३८ मिनिटं. कॉलेजात आपण हे 'फ्लोटिंग पॉइंट एरर, चार मार्क' म्हणून पाठ केलं होतं.

याच जातीच्या चुकीने खरी माणसं मेली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. पॅट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा वेळ दहांश सेकंदात मोजायची आणि एक दशांश हा आकडा तिच्या २४ बिटांत पुरा बसत नव्हता. दर मोजणीला नखाएवढी चूक. यंत्रणा १०० तास सलग चालू होती, चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात भलतीकडे बघत बसली आणि स्कड बराकीवर पडलं. २८ अमेरिकन सैनिक गेले. तासांची मोजणी ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

"अरे पण आपला गेम आहे, युद्ध नाही!" येणार, हे वाक्य येणारच होतं. मान्य, गेम आहे. मग १०० तासांची अट कशाला लावली? अट लावताना ती गंभीर आणि अटीचा हिशेब मागितला की गेम, हे बरं जमतं. ऑफिसात हेच चालतं म्हणून तुम्हाला सवय झाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आपण सगळे टाइमशीट भरतो. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ, गुरुवार आठ, शुक्रवार आठ. प्रॉडक्शन पडलं म्हणून मंगळवारी रात्री दोनपर्यंत जागलात तरी आठ. गुरुवारी दिवसभर डेटाबेसचा ॲक्सेस मिळायची वाट बघत बसलात तरी आठ. आणि वरून नारायण मूर्ती २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास मागतात, २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर जातात. तेव्हा आपण सगळे ग्रुपवर तावातावाने लिहितो की तास म्हणजे काम नव्हे! आणि शनिवारी रात्री आठला हेडफोन चढवला की एका वीस वर्षांच्या पोराला म्हणतो, तुझे ३९ तास कमी आहेत.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे. चूक असेल, पण सगळ्यांच्या लॉगबुकात सारखीच ना, मग अन्याय कसला? बॉस, सारखी कुठे आहे? पुण्यात माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, फायबर आहे, दीड लाखाचा डेस्कटॉप आहे. माझा एकही तास हरवत नाही. नरसीत लाईट जाते, नेट जातं, लॅपटॉप धापा टाकतो. त्याचे शंभरातले जवळजवळ पन्नास जातात. ही चूक नाणं उडवल्यासारखी कधी इकडे कधी तिकडे पडत नाही. तिला उतार आहे आणि उताराच्या तळाशी कोण हे आधीच ठरलेलं आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कधी 'नरसीवाल्यांचे तास खा' असं लिहिलं नाही. त्याने फक्त एवढं गृहीत धरलं की मिशन सुरू करणारा माणूस ते संपवतोच. ज्याच्या घरची लाईट जात नाही त्यालाच असं गृहीत धरता येतं. आपण हिंजवडीत बसून जे काही बनवतो त्यातही असली गृहीतकं ठासून भरलेली आहेत, पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.

आणि समजा, सगळे तास अगदी बिनचूक मोजले. तरी १०० चं काय? १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. विमान स्टॉलकडे चाललंय ही सूचना आल्यावर नाक खाली करायच्या ऐवजी कॅप्टनने कॉलम मागे ओढला. त्यावरून एवढं रान उठलं की २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १,५०० तासांची अट लागली. त्या कॉकपिटमध्ये किती तास होते? कॅप्टनचे ३,३७९, को-पायलटचे २,२४४. दोघंही नव्या अटीत आरामात पास! शिवाय त्याच नियमात लष्करी पायलटला ७५० तासांची सवलत आहे. म्हणजे सगळे तास सारखे नसतात हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

नरसीच्या माणसाला हे खरं तर कोल्गनवाचून कळायला हवं. नामदेवांचं गाव आहे ते. परंपरेत गोष्ट अशी सांगतात की संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती? गोरोबांनी कुंभाराचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत सुटले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. निकाल: हे मडकं कच्चं. आता विठ्ठलासमोर काढलेले तास मोजायचे ठरवले असते तर त्या मेळ्यात नामदेवांच्या आसपास कोण होतं? ते तर लहानपणापासून देवाशी बोलत होते, देव त्यांच्या हातचं जेवत होता. लॉगबुक काढलं असतं तर नामदेव बिनविरोध फ्लाइट लीड. गोरोबांनी लॉगबुक मागितलंच नाही. आणि त्या निकालातून नामदेवांना पुढे काय करायचं तेही कळलं. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. (औंढा आमच्याच जिल्ह्यात, हे आपलं उगाच.) '६१' हा आकडा माझ्या भावाला काय सांगतो? अजून ३९ बस. काय करत बस, ते नाही. आठपट वेग लावला तर पाच तासांत काम होईल आणि तो रत्तीभरही सुधारणार नाही. त्याला हे माहीत आहे. फोनवर म्हणाला, "दादा, लावू का ऑटोपायलट? दोन रात्रीत होतील." मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "नको. मग वहीत काय लिहू?"

गेमवाल्यांना मी लिहिलंय. मागणी अवघड नाही, कुठलाही दुसऱ्या वर्षाचा इंजिनियर आठवड्यात करून देईल. मिशन सुरू झाल्याक्षणी एक ओळ डिस्कवर लिहा, दर मिनिटाला तिच्यात भर घाला. लाईट गेली तर मिनिट जाईल, दोन तास जाणार नाहीत. चाकं सुटली कधी, टेकली कधी ते लिहा. जगाची वेळ आणि घड्याळाची वेळ दोन रकान्यांत ठेवा, वेग किती पट होता आणि ऑटोपायलट चालू होता का तेही. आणि बेरीज दाखवताना ती कशाची हे खाली बारीक अक्षरात का होईना, पण लिहा. उत्तर आलं की हे असंच अपेक्षित आहे, बग नाही. बंद.

तोवर आम्ही दोघांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. गेम चालू असताना बाजूला बसून दर ३० सेकंदांनी एका फायलीत ओळ टाकते. मागच्या आठवड्यातले त्याचे आकडे: वहीत ५ तास ४०, स्क्रिप्टमध्ये ५ तास ३८, गेममध्ये २ तास ५०. ज्या कुणाला हवी असेल त्याने मेल टाका, देतो.

आणि ग्रुपसाठी प्रस्ताव. १०० तासांची अट काढा. फ्लाइट लीडसाठी चेक राइड ठेवा, तासाभराची. थंड कॉकपिटपासून इंजिन सुरू करायचं, तीन विंगमनना घेऊन उडायचं, ढगातून फॉर्मेशन न मोडता वर काढायचं, मध्येच एकाचं इंजिन बंद करू, तेव्हा रेडिओवर काय बोलतो ते ऐकायचं, आणि शेवटी १५ नॉट आडव्या वाऱ्यात चौघांना उतरवायचं. वेळ आठपट करायला बंदी. सध्याच्या लीडनीही द्यायची, २४० तासवाल्यांसकट. मीही देणार आहे. भाऊ तयार आहे, फक्त शनिवारी रात्री आठच्या ऐवजी रविवारी सकाळी सातला ठेवा म्हणतो. त्या वेळेला नरसीत सहसा लाईट असते.